चांदीचं प्रमाण

४ फेब्रुवारी

आज प्लेट उघडली आणि सगळेच तिच्यावर वाकलो. दुधावर साय धरावी तसा जंतूंचा पिवळट थर प्लेटभर पसरलेला, मधोमध आमच्या जेलची चकती, आणि तिच्याभोवती काचेसारखा स्वच्छ गोल. त्या गोलात एकही जंतू नाही. सर एरवी कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणारे. आज स्वतः खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. त्यात साखर नव्हती, पण तोंड वाकडं करायची कुणाची छाती झाली नाही.

प्रयोगशाळेच्या वहीत फक्त आकडे लिहायचे असतात. बाकीचं लिहायला ही डायरी काढली आहे. बघू किती दिवस टिकते.

घरी येऊन आईला सांगितलं. तिला मागे एकदा समजावलं होतं, की आमचं जेल म्हणजे पाण्यानं फुगलेली मऊ चकती. जखमेवर ठेवली की जखम कोरडी पडत नाही आणि नवी कातडी तिच्या आधारानं पुढे सरकते. तिच्यात चांदीचे नॅनोकण असतात, केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील एवढे बारीक, ते जंतूंना मारतात. आज तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चला, तुझ्या बापानं कधी चांदीचा दागिना केला नाही. आता निदान पायाला तरी लागेल."

तिला लागेल असं मी म्हटलं नव्हतं. माणसांवर वापरायला अजून खूप अवकाश आहे. पण मनात माझ्याही तेच होतं, खोटं कशाला लिहू?

आई पोहायला शिकवायची. या शहरातली अर्धी माणसं तिनं कधी ना कधी पाण्यात ढकललेली आहेत. आता शुगरमुळे पायाची जाणीव गेली आहे. चपलेत खडा होता, दिवसभर त्याच्यावर चालली आणि तिला पत्ताच नाही. उजव्या अंगठ्याखाली जखम झाली ती झाली. महिने उलटले, भरायचं नाव नाही. माझा संसार मोडल्यापासून मी तिच्याकडेच राहते, तेव्हा तिचं सगळं बघणारी मीच.

७ फेब्रुवारी

आईला घेऊन दवाखान्यात. तिसऱ्या मजल्यावरून तिला खुर्चीत बसवून उतरवणं म्हणजे कपाट उतरवण्यासारखं आहे, फक्त कपाट सूचना देत नाही.

सर्जन तरुण आहेत, पण घाईत नसतात. म्हणाले, जंतुसंसर्ग खोल चाललाय. हाडापर्यंत गेला तर अंगठा ठेवता येणार नाही. गोळ्या बदलून दिल्या. पाय टेकवायचा नाही, शुगर ताब्यात ठेवायची, स्वच्छता ठेवायची.

येताना मी सगळं ठरवून टाकलं. स्वच्छता म्हणजे स्वच्छता. पडदे काढले, गालिचा गुंडाळून ठेवला, दाराशी साबण आणि चपलांसाठी ट्रे. आणि जखम भरेपर्यंत कुणी भेटायला यायचं नाही. बाहेरून येणारा प्रत्येक माणूस म्हणजे एक प्लेट असते, हे मला रोज दिसतं. बाकीच्यांना दिसत नाही एवढंच.

आई म्हणाली, "कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"बरं," म्हणाली. चक्क बरं म्हणाली. मला वाटलं होतं भांडेल.

१२ फेब्रुवारी

शिट्टीवाले काका आले होते. तरणतलावावर जीवरक्षक होते, आईबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. बायको जाऊन बराच काळ झाला. निवृत्तीनंतर दर एक-दोन दिवसांनी यायचे, शब्दकोडं घेऊन दोघं बसायची, एका शब्दावरून वाद घालायची. मी दारातच सांगितलं, "काका, राग मानू नका, पण जखम भरेपर्यंत नको."

ते म्हणाले, "नाही नाही, राग कसला. बरोबर आहे तुझं." आणि तिथंच उभे राहिले. शर्टाला इस्त्री, दाढी ताजी केलेली. एवढं तयार होऊन जिने चढून येतात, माणसाला विरंगुळा नसला की असं होतं. हातातली पिशवी माझ्याकडे दिली. आत रेडिओचे सेल आणि आईच्या मापाचे लोकरी मोजे. मोजे मी उकळत्या पाण्यातून काढले. आकसले.

आईनं आतून सगळं ऐकलं असणार. मी गेले तर रेडिओ बंद करून भिंतीकडे तोंड करून पडली होती. सेल आलेत म्हटलं, तर म्हणाली, "ठेव तिकडे."

१८ फेब्रुवारी

पेशीवालीनं आज मिठाचा खडा टाकला. ती आमच्याकडे कातडीच्या पेशी वाढवते, म्हणून सगळे तिला पेशीवालीच म्हणतात. तिची चाचणी दिसायला साधी असते. पेशींचा एकसंध थर वाढवायचा, पिपेटच्या टोकानं मधोमध एक ओरखडा काढायचा आणि बघायचं, की दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत सरकत फट भरून काढतात का. जखम भरण्याची ती रंगीत तालीमच.

आमच्या जेलशेजारची फट भरली नाही.

"भरली नाही म्हणजे हळू भरतेय?" मी विचारलं.

"नाही गं. काठावरच्या पेशी गोल होऊन सुटल्यात. मेल्यात."

मी म्हटलं, पेशी जुन्या असतील. इनक्युबेटरचं दार परवा उघडं राहिलं होतं. प्लास्टिक बदललंस का? ती शांतपणे ऐकत होती, आणि माझंच मला जाणवलं की मी वकिलासारखी बोलतेय. परत कर म्हटलं. करते म्हणाली.

सरांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात ड्रेसिंग बनवणाऱ्या कंपनीची माणसं बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर पुढच्या चाचण्यांचं गाडं हलेल. सर आठ वर्षं या दिवसाची वाट बघतायत.

२४ फेब्रुवारी

आज एक केलं ते लिहून ठेवते. जेलच्या दोन निर्जंतुक चकत्या डबीत घालून घरी आणल्या आणि फ्रिजमध्ये दुधामागे ठेवल्या. लावणार आहे असं नाही. पण सर्जन जर अंगठ्याचं बोलले, तर हाताशी काहीतरी हवं.

आईचं खाणं कमी झालंय. सूप केलं तर चार चमचे. गोळ्यांमुळे तोंडाची चव जाते, तेच असणार. बोलणंही कमी. जी बाई तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असं बोलायची, तिला आता "काय म्हणालीस?" असं विचारावं लागतं. फक्त दुपारी फोनवर बराच वेळ बोलते. आज लवकर आले तर आवाज बाहेर येत होता, हसतही होती. मी आत जाताच ठेवला. मावशी असणार. माझ्या तक्रारी चालल्या असतील, चालू देत. तेवढंच मन मोकळं.

१ मार्च

पुन्हा तेच. नव्या पेशी, नवं प्लास्टिक, सगळं नवं, आणि फट जशीच्या तशी.

पेशीवालीनं मला मायक्रोस्कोपशी बसवलं. शेजारी चांदी नसलेलं जेल होतं. तिथं पेशी हात लांबवल्यासारख्या फटीत उतरलेल्या, काही ठिकाणी दोन्ही काठ मिळालेलेही. मग आमचं. काठावर मोडलेल्या मण्यांसारख्या पेशी, आणि मधे स्वच्छ, रिकामी वाट. प्लेटवरचा तो गोल जितका स्वच्छ होता तितकीच स्वच्छ. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच.

"चांदी फार झालीय," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी सगळी बाहेर पडते. समोर कोण आहे हे तिला कळत नाही."

दोघी सरांकडे गेलो. सरांनी फोटो लांबून बघितला, जवळून बघितला, चष्मा काढून बघितला. मग म्हणाले, "येणाऱ्यांना आपण जंतूंचा निकाल दाखवू. तो खरा आहे ना? खोटं काही सांगत नाही. पेशींचं काम चालू आहे म्हणू."

मी मान हलवली. पेशीवालीनं नाही हलवली.

२ मार्च

आईला डबी सापडली. मी कामावर असताना कुबड्यांवर स्वयंपाकघरापर्यंत गेली होती, पाय टेकवला असणार. संध्याकाळी आले तर डबी तिच्या मांडीवर.

"हे तुझंच ना? चांदीचं?"

"हो."

"मग लाव की. परवा तो डॉक्टर अंगठ्याकडे कसा बघत होता, बघितलंस? खाटकासारखा."

"नाही लावता येणार."

"का? परवानगी नाही म्हणून?"

"परवानगी नाहीच. पण तेवढंच नाही." मी बसले तिच्याजवळ आणि सगळं सांगितलं. ओरखडा, फट, मेलेल्या पेशी. जंतू मरतील, पण नवी कातडीही येणार नाही. सर काय म्हणाले तेही सांगून बसले.

आईनं डबी फिरवून बघितली. "म्हणजे पाहुण्यांना दाखवायला चालतं, पण मला लावायला चालत नाही?"

मी हात पुढे केला. तिनं डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "दूध संपलंय, तेवढं आण."

६ मार्च

आज कंपनीची माणसं आली. दोन पुरुष आणि एक वयस्क डॉक्टरीणबाई. सरांनी प्लेटचे फोटो दाखवले, छान बोलले. स्वच्छ गोल पडद्यावर केवढा मोठा दिसत होता. बाईंनी विचारलं, "आणि पेशींवर?"

सर म्हणाले, "काम चालू आहे."

मी म्हणाले, "झालंय काम. दोनदा झालंय. या प्रमाणात पेशी मरतात."

हे मी ठरवून बोलले की तोंडातून निघून गेलं, अजून कळत नाही. पेशीवाली उठली आणि तिचे फोटो लावले. बाईंनी खूप प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. जाताना म्हणाल्या, "निकाल बदलला तर कळवा." म्हणजे आत्ता नाही. गाडं जागच्या जागी.

सर खोलीत एकटे बसले होते. मी दाराशी जाऊन म्हटलं, "सर, मी आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, की बोलणार आहे म्हणून."

"हो, हवं होतं," ते म्हणाले. मग टेबलावरचे फोटो गोळा करत म्हणाले, "दार लोटून घ्या जाताना."

९ मार्च

सकाळी आईला थंडी वाजून ताप. पायावर लाली वर चढलेली. दवाखान्यात नेताच सर्जननी पायाचा एक्स-रे काढला आणि मान हलवली. संसर्ग हाडात गेलाय. अंगठा आणि शेजारचं बोट.

"घ्या," आई म्हणाली. "पण बाकीचा पाय परत द्या."

मी औषधं आणायला खाली गेले आणि परत आले, तर शिट्टीवाले काका बाहेरच्या बाकावर. त्यांना कुणी कळवलं कोण जाणे. मावशीनं असेल, पण मावशीकडे त्यांचा नंबर कुठून? बसायला सरकून जागा दिली त्यांनी.

शस्त्रक्रिया झाल्यावर नर्स येऊन त्यांना म्हणाली, "शुद्धीवर आल्यात, मिस्टरांना बोलावतायत." मी सांगितलं, की अहो, हे मिस्टर नाहीत, ओळखीचे आहेत. माझे वडील कधीच गेले. औषधाच्या गुंगीत माणूस काहीही बोलतो. नर्स गोंधळली बिचारी. काका उभे राहिले होते ते परत बसले. मग मीच म्हटलं, "जा तुम्ही, आता आलाच आहात तर."

दाराच्या काचेतून दिसत होतं. तिचा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता. त्यांनी हात धुतले होते का हे विचारायचं राहून गेलं.

११ मार्च

सर्जनना विचारलं, भेटायला येणाऱ्यांचं आता काय करायचं? आधीसारखं बंदच ठेवू ना?

ते म्हणाले, "बंद? मी कधी सांगितलं? हात धुवून येऊ द्या की माणसांना. वजन किती उतरलंय त्यांचं, बघितलंत? न जेवणाऱ्या माणसाची जखम कशी भरेल?"

मी घरी येऊन आठवून बघितलं. खरंच, ते फक्त स्वच्छता म्हणाले होते. पण मला भेटी बंद असंच ऐकू आलं होतं. आईनं तेव्हा भांडायला हवं होतं. एरवी भांडते ना? मी विचारलं तसं. म्हणाली, "तू इतकी घाबरलेली होतीस, तुझ्याशी काय भांडू?"

मी घाबरलेली नव्हते. मी काळजी घेत होते.

२३ मार्च

आई घरी. काका रोज सकाळी येतात. हात कोपरापर्यंत धुतात, माझ्याकडे बघत बघत, परीक्षेला बसल्यासारखे. अंडी उकडतात. आई दोन-दोन खाते. दोघांचं शब्दकोडं परत सुरू. "'जलचर', चार अक्षरी," काका म्हणतात. आई म्हणते, "तुमचंच नाव असेल, लिहा." मोठ्यानं हसतात, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जात असेल.

जखमेत लाल, दाणेदार मांस धरू लागलंय. सर्जन म्हणाले, हीच खरी खूण. अंड्यातल्या प्रथिनांचा एवढा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं.

२ एप्रिल

सर इतके दिवस कामापुरतंच बोलत होते. आज माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "चांदी कमी करून बघितलीत?"

"बघितली. निम्म्यावर पेशी वाचतात, पण दोन दिवसांनी जंतू परत येतात."

"मग प्रश्न किती घालायची हा नाही," ते म्हणाले. "ती सुटते कधी हा आहे." आणि खुर्ची ओढून बसले. हा माणूस माझ्या टेबलाशी बसल्याचं मला आठवत नाही.

पेशीवालीलाही बोलावलं. तिघांनी मिळून कागदावर खूप रेघोट्या मारल्या. शेवटी ठरलं ते असं. कण जेलच्या धाग्यांना घट्ट बांधून टाकायचे. जंतू धागे कुरतडायला लागले की तिथले कण सुटतील. जिथं कुणी कुरतडत नाही तिथं चांदी गप्प राहील. म्हणायला सोपं आहे.

१९ एप्रिल

सोपं नाहीच. पहिल्या खेपेला जेलच धरलं नाही, पाणीच राहिलं. दुसऱ्या खेपेला इतकं घट्ट झालं, की पेशीवाली म्हणाली, चप्पल शिवायला द्या. तिसऱ्यात कण गोळा होऊन तळाशी बसले. सर म्हणाले, "चालायचंच." आठ वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

१२ मे

आज पेशीवालीनं हाक मारली नाही. नुसती खुर्ची रिकामी करून बाजूला उभी राहिली.

फट पूर्ण भरलेली नव्हती. पण दोन्हीकडून पेशी उतरल्या होत्या, पसरट, जिवंत, आणि दोन ठिकाणी मिळाल्याही होत्या. जंतूंच्या प्लेटवर मात्र पूर्वीसारखा रुबाबदार गोल नाही. चकतीलगत एक बारीकशी कडा, बस्स. तिच्यापलीकडे जंतू आहेतच, पण आत येत नाहीत.

"दिसायला काही खास नाही," मी म्हटलं.

"पाहुण्यांना नाही आवडणार," ती म्हणाली, आणि दोघी हसत सुटलो.

सरांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अजून दोनदा करा, मग येते. एवढंच. माणसाच्या जखमेपर्यंत जायला वर्षं लागतील. तरी मला आज घरी चालत जावंसं वाटलं आणि मी गेले.

२० मे

आईची जखम मिटली. नवी कातडी गुलाबी आहे, पातळ, जपायला हवी. खास बूट मिळालाय. सर्जन म्हणाले, आता रोज तळपाय बघायचा, जन्मभर, कारण तिला कळणार नाही.

घरी येऊन आईनं सांगितलं, की ती शिट्टीवाल्या काकांकडे राहायला जाणार आहे.

मी विचार केला. त्यांचं घर तळमजल्यावर आहे. इथं तीन जिने, तेही त्या बुटानं. मी म्हटलं, "वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. "अगं शास्त्रज्ञबाई, मी जिन्यामुळे नाही चालले."

"मग?"

"मग काय? ओळख की."

रागच आला मला. इतके महिने मी एकटीनं सगळं केलं, आणि आता ओळख म्हणे. आत येऊन दार लावून बसले. माझ्यानंतर रोज पाय कोण बघणार? जखम डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काकांना चष्म्याशिवाय पेपरही दिसत नाही.

२७ मे

आज आईला भेटायला काकांकडे गेले. त्यांच्या घराचं दार उघडंच होतं. बरोबर ड्रेसिंगची पिशवी, भिंग, मलम, सगळं घेतलं होतं. रोजच्या तपासणीची पद्धत काकांना नीट समजावून सांगायची, असं ठरवून गेले होते.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. काका समोर छोट्या स्टुलावर, तिचा पाय मांडीवर घेऊन. नाकावर दोन चष्मे, एकावर एक, आणि हातात टॉर्च. बोटांच्या मधली जागा ते मऊ कापडानं टिपत होते, एकेक करून, घाई नाही. जिथं अंगठा होता तिथंही टिपलं. मग पाय जरा वर उचलून तळवा सगळा बघितला, टाचेपासून वरपर्यंत.

आईचे डोळे मिटलेले. तिला त्यातलं काहीही जाणवत नाही, त्या पायाची जाणीव केव्हाच गेली आहे, हे मला माहीत आहे. पण चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं.

"सापडलं का काही?" तिनं विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "उद्या परत बघतो."

मला कुणी पाहिलं नव्हतं. मी पिशवी दाराच्या आत ठेवली आणि बाहेर पायरीवर येऊन बसले. किती वेळ बसले माहीत नाही. आईनं हाक मारली तेव्हा आत गेले.